आळंदी ते पंढरपूर, फोनवरून: आमच्या गटाच्या पळण्याच्या आव्हानाबद्दल

आधी व्यवहाराचं सांगते. नाव नोंदवायला पैसे नाहीत. टीशर्ट नाही, मेडल नाही, सर्टिफिकेट नाही. लागतो तो एक साधा स्मार्टफोन, त्यात पळण्या-चालण्याची नोंद ठेवणाऱ्या स्ट्राव्हा ॲपचं मोफत खातं, आणि पाच जणींची जुळणी. माझं मतही आधीच सांगते: तब्येतीसाठी मी आजवर जे जे काही सुरू केलं, त्यात इतकं मनापासून आणि इतके दिवस दुसरं काहीच टिकलं नाही. ज्यांना घराबाहेर पडायला निमित्त लागतं, त्या प्रत्येकीने एकदा तरी असं आव्हान घ्यावं. फक्त कुठलं घ्यायचं हे नीट बघून, कारण मी पैसे भरून केलेलं एक आव्हानही पाहिलंय आणि दोन्हींत फार फरक आहे.

आमचं आव्हान असं. साताऱ्यातल्या बायकांचा एक पळण्या-चालण्याचा गट आहे. गटातल्या काही जणी साताऱ्यातच आहेत, काही लग्न होऊन पुण्या-मुंबईला गेलेल्या, एक-दोघी परदेशात. दरवर्षी वटपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी आव्हान सुरू होतं आणि आषाढ शुद्ध दशमीला संपतं. म्हणजे साधारण साडेतीन आठवडे. माउलींची पालखी आळंदीहून पंढरपूरला जाते ते अंतर सुमारे २५० किलोमीटर. ते पाच जणींच्या एका दिंडीने मिळून पूर्ण करायचं. कोणी कुठेही पळा, कुठेही चाला. साताऱ्यात शाहू स्टेडियमवर, ‘चार भिंती’ या टेकडीवरच्या स्मारकाच्या चढावर, पुण्यात तळजाईला, नाहीतर न्यू जर्सीतल्या एखाद्या बागेत. स्ट्राव्हावर नोंद झालेले किलोमीटर आमच्या आयोजक ताई एका शीटमध्ये भरतात आणि रोज रात्री ग्रुपवर येतं: तुमची दिंडी दिवे घाट चढली, तुमची जेजुरीला पोचली, तुमची अजून हडपसरलाच आहे.

पाच जणींत २५० म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला सरासरी ५० किलोमीटर. आठवड्याला चौदा. भरभर चालणारी बाई एक किलोमीटर बारा मिनिटांत चालते असं धरलं तर आठवड्याला १७० मिनिटांच्या आसपास होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत मोठ्या माणसांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटांची मध्यम हालचाल सांगितली आहे. आमच्या आयोजक ताईंनी हा हिशोब आधी करूनच पाच ही संख्या ठरवली होती. मला हे फार आवडलं. ऐकायला २५० किलोमीटर भव्य वाटतात, आणि करायला निघालं की प्रत्येकीच्या आवाक्यातले निघतात.

आता मी कोण, म्हणजे या मताला किती वजन द्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. माझं शिक्षण बी. फार्म. मी आणि माझे यजमान मिळून मेडिकलचं दुकान चालवतो. सकाळी साडेनऊ ते रात्री साडेनऊ, मध्ये जेवायला दोन तास. दिवसभर काउंटरमागे उभं राहणं होतं, पण त्याला हालचाल म्हणता येत नाही. संध्याकाळी पोटऱ्या भरून येतात आणि तरी शरीराला काही केल्यासारखं वाटत नाही. पंचेचाळिशी ओलांडली आहे. शाळेत खो-खो खेळायचे, त्यानंतर पळाले ते बसमागे.

आणि एक गोष्ट मोकळेपणाने सांगते, कारण तिच्याशिवाय ही माहिती अर्धी राहील. माझी आई दीर्घ आजारपणानंतर गेली. ती असताना रात्री उठायची सवय लागली होती. ती गेल्यावर उठायचं कारण संपलं, सवय तशीच राहिली. तीन वाजता डोळे उघडायचे. दिवसा दुकानात हसून बोलायचे आणि दुपारी जेवायला घरी आले की कुणाशी बोलावंसं वाटायचं नाही. आमच्याकडे झोपेच्या गोळ्यांसाठी वेगळी वही असते. अल्प्राझोलाम, झोल्पिडेम वगैरे औषधं २०१४ पासून शेड्यूल एच-१ या सरकारी यादीत आहेत. डॉक्टरांचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि किती दिलं, हे सगळं त्या वहीत लिहावं लागतं आणि वही तीन वर्षं जपून ठेवावी लागते. ती वही मीच भरते. त्यात चाळिशी-पन्नाशीतल्या बायकांची नावं ओळीने लिहिताना मला माझं नाव त्याच पानावर दिसायला लागलं होतं. तेव्हा गटातल्या एका मैत्रिणीने न विचारताच माझं नाव आव्हानात घालून टाकलं.

आमची दिंडी अशी होती: मी, आमच्या गल्लीतल्या निवृत्त शिक्षिका (त्यांना सगळे बाईच म्हणतात, मीही), शेजारच्या वहिनी, कॉलेजात शिकणारी एक मुलगी आणि न्यू जर्सीला राहणारी माझी मामेबहीण. जाणूनबुजून अशी मोट बांधतात. एका दिंडीत पाचही दणकट पळणाऱ्या ठेवत नाहीत. वयाने, वेगाने आणि गावाने वेगवेगळ्या बायका एकत्र बांधायच्या असा नियमच आहे.

हा नियम या आव्हानाचा जीव आहे असं माझं ठाम मत आहे. बाई त्रेसष्ट वर्षांच्या. नऊवारी नाही, पण साडीच; पायात कॅनव्हासचे बूट. त्या पळत नाहीत. पहाटे निघून दोन किलोमीटर चालतात, कधी अडीच. त्यांचे ते दोन किलोमीटर सहाच्या आत स्ट्राव्हावर आलेले असायचे. मी अंथरुणात फोन बघायचे आणि मला उठल्याशिवाय राहवायचं नाही. कॉलेजातली पोरगी दहा-दहा किलोमीटर पळायची, त्याचं मला कौतुक वाटायचं. पण मला घराबाहेर काढलं ते बाईंच्या दोन किलोमीटरनी.

हे माझ्या एकटीच्या मनाचे खेळ नाहीत, हे नंतर वाचनात आलं. २०१७ साली नेचर कम्युनिकेशन्समध्ये सिनान अरल आणि ख्रिस्तोस निकोलाइडिस यांचा एक अभ्यास छापून आला. जगभरातल्या सुमारे ११ लाख पळणाऱ्यांच्या पाच वर्षांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. सगळं मिळून ३५ कोटी किलोमीटर. प्रश्न असा होता की मित्र पळाला म्हणून आपण पळतो, की मुळात पळणारेच एकमेकांचे मित्र होतात? ते वेगळं काढायला त्यांनी हवामानाचा उपयोग केला. एका शहरात पाऊस पडला की तिथले लोक कमी पळतात. त्यांचे मित्र दुसऱ्या, कोरड्या शहरात असतील आणि तरी तेही कमी पळाले, तर तो मित्राचा परिणाम. तसा परिणाम खरंच दिसला: मित्र एक किलोमीटर जास्त पळाला तर आपण सरासरी ०.३ किलोमीटर जास्त पळतो. आणि कमी पळणाऱ्यांचा जास्त पळणाऱ्यांवर प्रभाव अधिक पडतो, उलट दिशेने कमी. बायकांवर प्रभाव पडतो तो फक्त बायकांचा, हेही त्यात निघालं. आमच्या ताईंनी हा निबंध वाचलेला नव्हता. तरी त्यांनी दिंड्या बरोबर तशाच बांधल्या होत्या.

न्यू जर्सीच्या बहिणीमुळे अजून एक गंमत झाली. जूनमध्ये तिच्या-आमच्या घड्याळात साडेनऊ तासांचा फरक. आमचं रात्रीचं जेवण आटोपेपर्यंत तिची दुपार झालेली असायची आणि तिची सकाळची फेरी शीटमध्ये चढलेली असायची. तिची संध्याकाळ झाली की बाईंची पहाट. आमची दिंडी अशी चोवीस तास चालत होती. ती लग्न होऊन गेल्यापासून आमचं बोलणं दिवाळी आणि राखीपुरतं उरलं होतं. आता रोज तिचा आवाजी निरोप यायचा: “ताई, आज तीन केले, इकडे उकाडा फार, आपण वाल्हं गाठलं का?” वाल्हं म्हणजे वाल्मीकींचं गाव असं बाई सांगतात, हे मी तिला सांगायचे, आणि ती तिच्या मुलांना. पालखी नीरा नदीवर आली की माउलींच्या पादुकांना नीरास्नान घालतात आणि मग ती लोणंदला, म्हणजे आपल्या सातारा जिल्ह्यात येते. आमचे किलोमीटर नीरेला पोचले त्या संध्याकाळी सगळ्या दिंड्यांच्या ग्रुपवर गजर झाला. पुढे लोणंद-तरडगावच्या मध्ये चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण होतं, तिथे आमची दिंडी पोचली तेव्हा मी प्रत्यक्षात यवतेश्वरच्या घाटात होते, धुक्यात, अंगात रेनकोट.

वाटेतल्या मुक्कामांची नावं असल्यामुळे अंतराला अर्थ येतो. ‘एकूण ११२ किलोमीटर’ यातून काही कळत नाही. ‘लोणंद आलं’ म्हटलं की घरातल्या माणसांनाही कळतं. माझे सासरे, ज्यांना स्ट्राव्हा काय ते ठाऊक नाही, ते रोज जेवताना विचारायचे, “कुठवर आलात?”

ही कल्पना काही आमच्या गटाने शोधलेली नाही. २०२० मध्ये सगळ्या शर्यती बंद पडल्या तेव्हा अमेरिकेतल्या लाझारस लेक या आयोजकाने टेनेसी राज्याच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंतचं ६३५ मैलांचं, म्हणजे हजार किलोमीटरहून थोडं जास्त अंतर, आपापल्या गावात राहून मे ते ऑगस्ट या चार महिन्यांत पूर्ण करण्याचं आव्हान काढलं आणि त्यात १९ हजारांवर लोक आले. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला लंडन मॅरेथॉन सर्वसामान्यांसाठी झाली ती अशीच: चोवीस तासांत, जिथे आहात तिथे ४२ किलोमीटर. जवळपास ३८ हजार लोकांनी ती पूर्ण केली. आपल्याकडे १५ ऑगस्ट ते २ ऑक्टोबर २०२० फिट इंडिया फ्रीडम रन झाला, ‘कुठेही, कधीही’ या तत्त्वावर. साथ ओसरल्यावर लोक मैदानात परतले. पण ज्यांना मैदानात जाता येत नाही, त्यांच्यासाठी ही पद्धत राहिली ते बरं झालं. साताऱ्यासारख्या गावात हे महत्त्वाचं आहे. इथे पळण्याची हौस नवी नाही. सातारा हिल हाफ मॅरेथॉन २०१२ पासून होतेय आणि यवतेश्वरच्या घाटातून कासच्या दिशेला चढणारे हजारो लोक आपण बघतो. माणदेशातल्या मोहीच्या ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या आणि दहाव्या आल्या. अभिमानाच्याच गोष्टी आहेत. तरीही रस्त्याच्या कडेला उभी राहून टाळ्या वाजवणारी बाई त्यामुळे उद्यापासून पळायला लागत नाही. २०२४ मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये आलेल्या अंदाजानुसार भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत, आणि बायकांत हे प्रमाण ५७ टक्क्यांच्या घरात आहे. त्या ५७ टक्क्यांतल्या बाईला २१ किलोमीटरचा घाट दाखवून उपयोग नाही. तिला बाईंचे दोन किलोमीटर दाखवावे लागतात.

आता ॲपबद्दल. स्ट्राव्हाची मोफत आवृत्ती या कामाला पुरते. क्लब काढता येतो, सगळ्यांच्या फेऱ्या एका जागी दिसतात, शाबासकी देता येते. पैसे भरायची गरज आम्हाला पडली नाही. क्लबमध्ये आठवड्याची क्रमवारी आपोआप लागते आणि सोमवारी पुन्हा शून्यापासून सुरू होते. आमच्या ताईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की त्या पानाकडे बघायचं नाही. मला ते पटलं. क्रमवारीत वर कोण येतं? जिच्या घरी स्वयंपाकाला दुसरं माणूस आहे ती. शेजारच्या वहिनींच्या घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई आहेत. त्यांना चाळीस मिनिटं मिळवायला आदल्या रात्री कणीक मळून ठेवावी लागते. त्यांचे तीन किलोमीटर आणि कॉलेजच्या मुलीचे दहा एका रांगेत लावण्यात काही अर्थ नाही.

वहिनींची आणखी एक गोष्ट. बेरजेत त्यांचे किलोमीटर सर्वांत कमी होते. पण आमची दिंडी नातेपुत्यापाशी अडकली होती, दोघी आजारी, पाऊस कोसळत होता, त्या तीन दिवसांत रोज बाहेर पडल्या त्या एकट्या वहिनी. छत्री घेऊन. त्या म्हणाल्या, “माझ्यावाचून दिंडी थांबली असती ना!” घरात त्यांच्यावाचून सगळंच थांबतं, पण तिथे कोणी ते मोजत नाही. इथे शीटमध्ये त्यांच्या नावापुढे आकडा होता आणि तो बघायला पाच माणसं होती.

तांत्रिक अडचणी आहेत, त्या सांगते. बरेच अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवण्यासाठी पडदा बंद झाला की मागचं ॲप झोपवून टाकतात आणि मग अर्धी फेरी गायब होते. सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपवरचं बॅटरीचं बंधन काढून टाका, हे पहिल्याच दिवशी करा. घाटाच्या वळणांवर नोंद वळण सोडून सरळ रेषेत जाते, त्यामुळे अंतर थोडं कमी भरतं. बोगद्यातून गेलात तर तेवढा तुकडा तुटकच येतो. आमच्याकडे यावर भांडण झालं नाही, कारण बक्षीसच नाही. पंजाबी ड्रेसला खिसा नसतो. कमरेला बांधायचा पाऊच घ्या, हातात फोन धरून पळू नका. आणि पावसाळ्यात बूट दोन दिवसांत वाळत नाहीत. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवायचे, रात्री एकदा बदलायचे. यवतेश्वरच्या रस्त्याच्या कडेला शेवाळ धरतं, उतरताना पळू नका, चाला.

सुरक्षिततेबद्दल मात्र थोडं जास्त लिहिते, कारण आपल्या मुली-सुनांना हे कोणीतरी सांगायला हवं. नोव्हेंबर २०१७ मध्ये स्ट्राव्हाने जगभरातल्या फेऱ्यांचा जो एकत्र नकाशा प्रसिद्ध केला होता, त्यात वाळवंटातले लष्करी तळसुद्धा उजळलेले दिसले, कारण तिथले सैनिक तळाभोवती पळत होते. सैन्याचं हे झालं, तर रोज एकाच वेळी एकाच दारातून निघणाऱ्या मुलीचं घर शोधणं काहीच अवघड नाही. ॲपमध्ये फेरीचा सुरुवातीचा आणि शेवटचा भाग लपवायची सोय आहे, पूर्ण नकाशाही झाकता येतो. आमच्या गटात हे सगळ्यांना बसवून करायला लावतात, आणि मगच शीटमध्ये नाव घालतात. खातं सगळ्यांना खुलं न ठेवता ओळखीच्यांपुरतं ठेवायचं. अंधारात निघणारी प्रत्येक जण घरातल्या एका माणसाला व्हॉट्सॲपवर तासाभराचं लाइव्ह लोकेशन पाठवते. हा नियम गटाने केलाय याचं मला समाधान वाटतं. बाकीच्या कोणत्याही आव्हानात मला याबद्दल एक ओळही वाचायला मिळाली नव्हती.

त्या पैसे भरून केलेल्या आव्हानाबद्दल. नाव सांगत नाही. जाहिरात छान होती, मेडलचा फोटो तर फारच छान. अट अशी की ठरलेल्या काळात एकही दिवस चुकवायचा नाही. चुकला की तुमच्या नावापुढची साखळी तुटते. त्यात माझ्या ओळखीची एक बाई अंगात ताप असताना रात्री अकराला अंगणात फेऱ्या मारत होती, साखळी तुटू नये म्हणून. नडगीचं हाड दुखत असताना पळणाऱ्या तर कितीतरी. औषधाच्या दुकानात उभं राहून मी त्यांना दुखण्याचं मलम देत होते आणि विश्रांती घ्या म्हणत होते, ते कोणी ऐकत नव्हतं. यादीत वरच्या काही जणांचे वेग बघितले तर पाच किलोमीटर, तेही किलोमीटरला अडीच मिनिटांच्या वेगाने. केल्विन किप्टमने २०२३ मध्ये शिकागोत २ तास ३५ सेकंदांत मॅरेथॉन धावून जो विक्रम केला, त्यात त्याला एका किलोमीटरला सरासरी २ मिनिटं ५१ सेकंद लागले होते. म्हणजे हे लोक बहुधा दुचाकीवर होते. आयोजकांना कळवलं, उत्तर आलं नाही. मेडल आलं, पण दोन महिन्यांनी. ज्यांच्याबरोबर ते पूर्ण केलं त्या हजारो लोकांतलं एकही नाव मला आज सांगता येणार नाही.

आमच्या आव्हानात आठवड्यातले दोन दिवस विसाव्याचे असतात. ते घ्यावेच लागतात. सलग सहाव्या दिवशी कोणी पळालं तर ते किलोमीटर धरत नाहीत. सुरुवातीला कॉलेजच्या मुलीला हे जाचक वाटलं, तिने ताईंशी वादही घातला. ताई बधल्या नाहीत. त्या साडेतीन आठवड्यांत आमच्या दिंडीतली कोणी पायाच्या दुखण्याने माझ्या काउंटरवर आली नाही. माझ्या दृष्टीने या आव्हानाचा सर्वांत मोठा गुण हाच.

मनाच्या तब्येतीचं. आमच्या गटाच्या संदेशात ‘मन मोकळं होईल’ एवढंच लिहिलेलं असतं, आजार बरा करू असा दावा नाही, आणि तसाच असायला हवा. मला काय झालं ते सांगते. झोप लगेच आली नाही. पहिल्या आठवड्यात तीनला डोळे उघडतच होते. पण पाचला बाहेर पडायचंय हे ठरलेलं असल्यामुळे मधले दोन तास वाट बघण्यात जायला लागले, आधी ते उगाळण्यात जायचे. नंतर रात्री साडेदहालाच डोळे मिटायला लागले, कारण अंग खरोखर दमलेलं असायचं. चार भिंतीच्या चढावर मी एकदा आईच्या आठवणीने रडले, मनसोक्त, आणि रडत रडत वर गेले. दुकानात ते करता येत नाही, घरात चार माणसं विचारतात. वर पोचल्यावर खाली सगळा सातारा ढगात होता. तिथे बसून मी दिंडीच्या ग्रुपवर लिहिलं की आज आईची फार आठवण आली. बाईंनी उत्तर दिलं, “उद्या माझ्याबरोबर चल. पळू नकोस.” दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर दोन किलोमीटर चालले. त्यांच्या आईबद्दल त्या बोलत होत्या.

फार्मासिस्ट म्हणून जबाबदारीने दोन वाक्यं लिहायलाच हवीत. २०२४ मध्ये बीएमजेत २१८ चाचण्यांचा आढावा आला होता, १४ हजारांवर लोकांचा. त्यात चालणं-पळणं, योग आणि ताकदीचे व्यायाम यांचा नैराश्यावर चांगला उपयोग दिसला. पुराव्याचा दर्जा मात्र फार भक्कम नाही, हेही अभ्यासकांनी स्वतःच नोंदवलंय. तेव्हा पळायला लागलात म्हणून चालू असलेली गोळी मनाने बंद करू नका. झोपेच्या आणि नैराश्याच्या अनेक गोळ्या एकदम थांबवल्या तर त्रास उलटतो, त्या डॉक्टरच टप्प्याटप्प्याने कमी करतात. आणि नुसत्या चालण्याने निभणार नाही असं वाटत असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर १४४१६ वर फोन करा. टेलि-मानस ही सरकारी सेवा आहे, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. आमच्या दुकानाच्या काचेवर मी हा क्रमांक मोठ्या अक्षरात लावलाय आणि गटाच्या संदेशातही आता तो खाली असतो, मी सांगितल्यावर घातला.

आमची दिंडी नवमीला वाखरीला पोचली आणि दशमीला पंढरपूर गाठलं. शेवटचे तीन किलोमीटर आम्ही चौघी साताऱ्यात एकत्र चाललो, बहीण व्हिडिओ कॉलवर, तिच्याकडे रात्र. माझी एच-१ ची वही अजून मीच भरते. तीत माझं नाव नाही.

आयोजक ताई हे वाचतील म्हणून दोन मागण्या लिहून ठेवते. एक, साध्या फोनवाल्या बायकांसाठी सोय करा. दिंडीतल्या दुसऱ्या एखादीच्या फोनवर दोघींची नोंद करायला हरकत नसावी, दोघी बरोबर चालल्या असतील तर. आमच्या दुकानात येणाऱ्या कितीतरी जणींनी मला विचारलं, आणि फोन नाही म्हणून त्या मागे राहिल्या. दुसरी मागणी जास्त महत्त्वाची. जून-जुलै म्हणजे पेरणीचे आणि डोंगराकडे भाताच्या लावणीचे दिवस. जावळी, परळी भागातल्या बायका तेव्हा दिवसभर चिखलात वाकलेल्या असतात. त्यांना तुम्ही आषाढात बोलावून उपयोग नाही. दिवाळीनंतर, थोडी सवड मिळाली की, कार्तिकीची दिंडी काढा. मी पाच जणी तयार ठेवल्या आहेत, त्यातल्या तिघी परळी खोऱ्यातल्या आहेत.